बोटभर फट

जॅक माझ्या हातात होता आणि नवलचा पाय बीमखाली होता. मी वाकलो होतो. नुसता जॅक आत सरकवायचा आणि दांडा मारायचा, एवढंच बाकी होतं. तेवढ्यात कामिनी मॅडम मागून ओरडल्या, "नाना, हात लावू नका!"

नवल माझा मुलगा. त्याचं तोंड वजनकाट्याच्या चौथऱ्याकडे होतं आणि दोन्ही हातांनी त्याने चौथऱ्याची कड धरली होती. बीमचं टोक वरून खाली आलं ते त्याच्या पोटरीवर, आणि पोटरी काट्याच्या लोखंडी पाटावर. मी बाप आहे. ओरडणारी बाई कोण आहे, ती काय शिकलीय, हे त्या वेळी मला काही सुचत नव्हतं. मी तिला शिवी दिली. तोंडात येऊ नये अशी दिली.

त्या म्हणाल्या, "आणखी द्या. पण जॅक खाली ठेवा."

सावद्याच्या बाहेर लोटनभाऊंचं केळीचं पॅकिंग हाऊस आहे, तिथली ही गोष्ट. खाली केळीच्या फण्या धुऊन खोक्यांत भरतात. एका बाजूला केळी पिकवायच्या थंड खोल्या. वर लोखंडी माळा, माळ्यावर खोक्यांचे गठ्ठे आणि पाण्याची मोठी टाकी. तो माळा आमच्या टोळीने उभा केला होता. आम्ही शिरपूरचे. गर्डर चढवायचे, बीम बसवायचे, बोल्ट आवळायचे आणि पुढच्या गावाला जायचं, हा आमचा धंदा. आधी नवल माझ्या हाताखाली होता, नंतर मी त्याच्या हाताखाली गेलो. गुडघे बोलायला लागल्यावर बापाने खाली उभं राहून दोर धरावा, हे बरं. नकाशा धुळ्याच्या इंजिनिअर कामिनी मॅडमचा होता.

माळ्याचा सांगाडा साधा. दोन मोठे गर्डर लांबीने गेलेले, एक भिंतीकडून आणि एक थंड खोल्यांवरून. त्या दोघांच्या मधे आडवे बीम. बीमच्या टोकाला अँगलचे तुकडे, त्यातून बोल्ट, आणि त्या बोल्टांनी बीम गर्डरच्या पोटाला धरलेला. पण बीमचं टोक गर्डरला टेकत नाही. मधे बोटभर फट राहते. ती फट मॅडमनी विचार करून ठेवली होती. वजन आलं की बीम मधे जरा लवतो आणि त्याची टोकं किंचित वळतात. वळायला जागा असली की गर्डर सरळ राहतो. जागा नसली की बीम गर्डरला पिळायला लागतो, ओला कपडा पिळावा तसा. त्यात आपला वैशाख. पत्र्याखालच्या लोखंडाला दुपारी हात लागला तर फोड येतो. ते लोखंड लांबणारच.

उभारणीच्या वेळी मी लोटनभाऊंना हे सांगितलं होतं. ते हसले. म्हणाले, "लोखंड काय बाळंतीण आहे का नाना, की तिले अंग मोकळं करायले जागा पाह्यजे?"

आम्ही काम संपवून निघून गेलो. मग वास्तुशांत झाली. वरणबट्टीची पंगत बसली होती. लोटनभाऊंच्या मुलीचे सासरे, रावेरकडचे, जेवण झाल्यावर माळा बघायला जिन्याने चढले आणि उतरताना त्यांना ती फट दिसली. त्यांनी त्यात बोट घातलं. सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाले, "लोटनभाऊ, लोखंड आखूड पडलं का हो? आमच्याकडे जोड असा उघडा ठेवला तर मिस्त्रीले पंगतीत बसू देत नाहीत."

पंगतीत हशा झाला. व्याह्याने हसावं आणि आपण गप्प बसावं, हे लोटनभाऊंना जड गेलं. दुसऱ्याने सांगितलं असतं तर त्यांनी मनावर घेतलं नसतं. पण मुलगी दिलेल्या घरचा माणूस बोट घालून दाखवतो म्हणजे काय! पुढच्या वेळी व्याही येण्याआधी एकही फट दिसता कामा नये, असं त्यांनी ठरवलं. ना मॅडमना विचारलं, ना आम्हाला.

गावातल्या वनाला बोलावलं. वना ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतो आणि फार चांगल्या बनवतो. ट्रॉलीत फट राहिली तर ट्रॉली खिळखिळी होते, त्याला हेच ठाऊक. त्याने प्रत्येक फटीत पट्टी ठोकली, चारी बाजूंनी वेल्डिंग मारलं, घासलं, वर निळा रंग दिला. जिथे बोल्टाची डोकी पट्टीला आडवी आली तिथे बोल्टच काढून टाकले. हात फिरवला तर जोड कुठे आहे ते कळू नये, असं काम. व्याही पुन्हा आले तेव्हा त्यांना फट सापडली नाही. लोटनभाऊ त्या दिवशी खूश होते म्हणतात.

वैशाख लागला आणि निळ्या रंगावर केसासारख्या रेघा उमटल्या. मग भिंतीकडचा गर्डर बाहेरच्या बाजूला कलल्यासारखा दिसायला लागला. तेव्हा लोटनभाऊंनी मॅडमना फोन केला आणि मलाही केला. मॅडम धुळ्याहून आल्या, आम्ही शिरपूरहून जीपने आलो. मॅडमनी वर पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. आधी माळा रिकामा करा, खाली कोणी जाऊ नका, असं सांगून त्या बाहेरचे खांब बघायला गेल्या. वर मजूर गठ्ठे हलवायला लागले. खाली जाऊ नका हे नवलनेही ऐकलं होतं. पण उभारणीवाल्याला जोड जवळून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. तो मान वर करून दोन पावलं आत गेला. वरचा एक गठ्ठा घसरला. बंदुकीसारखा आवाज झाला आणि त्याच्या वरच्या बीमचं भिंतीकडचं टोक सुटलं. वरचे मजूर जिन्याकडे पळाले, ते वाचले.

सुटलेल्या टोकाला एकही बोल्ट नव्हता. भोकं वेल्डिंगने बुजवलेली होती. ते मला तिथूनच दिसत होतं.

मॅडम माझ्याजवळ येऊन उकिडव्या बसल्या.  "नाना, तिकडे बघा. बीमचं दुसरं टोक. खोल्यांवरच्या गर्डरला ते अजून चिकटलेलं आहे. वरचं वेल्डिंग फाटलंय, खालचं धरून आहे. बीम पडला तेव्हा तो जोड एका बाजूला वाकला. आता तुम्ही हे टोक उचललं की तो उलटा वाकणार. तार एकदा वाकवून उलटी वाकवली की काय होतं?"

मी त्या टोकाकडे पाहिलं.

"तुटते. ते टोक तुटलं की अख्खा बीम याच्या अंगावर येईल. नुसत्या पायावर नाही."

लोटनभाऊ घामाने थबथबले होते. म्हणाले, "पण मॅडम, आत बोल्ट असतील ना! बोल्ट धरतील!"

सगळ्यांनी वनाकडे पाहिलं. तो गर्दीत मागे उभा होता. "बोल रे वना," लोटनभाऊ म्हणाले, "त्या जोडात बोल्ट आहेत का?"

"मले नाही आठवत भाऊ."

"अरे, तूच केलं ना?"

"काही काढले, काही ठेवले. या जोडाचं नाही आठवत. आईची आण, नाही आठवत." तो रडायला लागला.

मागून कोणीतरी ओरडलं, "मग रडतो काय? मशीन आण, अजून मार वेल्डिंग! पक्कं करून टाक, मग उचला!" चार जणांनी हो ला हो केलं. मलाही ते पटलं. खरं सांगतो, त्या वेळी जो कोणी 'लवकर' म्हणेल तो मला माझा वाटत होता.

मॅडम म्हणाल्या, "नाही. तापलं की लोखंड मऊ पडतं. त्या गर्डरवर टाकी आहे. आधी टाकीचा नळ सोडा, पूर्ण सोडा. पाणी कुठेही जाऊ दे."

"मग करायचं काय?" मी ओरडलो. "टेकू लावा!"

"कुठे लावू? त्या जोडाखाली थंड खोलीचं छप्पर आहे, फोमचं. ते टेकूला धरेल का?" त्यांनी वर गर्डरकडे पाहिलं. मग मला म्हणाल्या, "नाना, त्या टोकाला असा जोड हवा की तो धरूनही ठेवेल आणि वळूही देईल. तो नवीन जोड झाला की मग वेल्डिंग कापायचं. मगच जॅक. तुमच्या जीपमध्ये चेनपुली आहे ना?"

होती. साखळीने वजन उचलायच्या त्या पुलीशिवाय आम्ही घराबाहेर पडत नाही. मी जॅककडे पाहिलं, नवलकडे पाहिलं. मग जॅक खाली ठेवला. ठेवताना लोखंड फरशीवर वाजलं, त्याने नवलने मान वळवली.

"नाना, काय करी राह्यना?"

"येस रे. साखळी लावस नि येस."

"मना पाय काढ ना आधी."

"काढसू. तठे आधी बांधनं पडी."

टाकीचं पाणी सुटलं होतं. ते जिन्यावरून उतरलं, फरशीवर पसरलं आणि नवलच्या अंगाखालून वाहायला लागलं. तो दात खाऊन म्हणाला, "लोटनभाऊ, पाय धुई राह्यनात का मना? जावई समजनात का?" लोटनभाऊंनी तोंडाला उपरणं लावलं आणि भिंतीकडे वळले.

शिडी खोल्यांवरच्या गर्डरला टेकवली. साखळी खांद्यावर घेऊन मी चढलो. मॅडम नको म्हणाल्या, दुसरं कोणी चढा म्हणाल्या. दुसरं कोणाला बांधता येत नव्हतं. जीपमध्ये आम्ही दोघेच आलो होतो आणि दुसरा खाली होता. साखळी गर्डरवरून घ्यायची, बीमच्या पोटाखालून आणायची आणि पुलीला अडकवायची. रोजचं काम. पण गर्डरची कड साखळीला कापते म्हणून मधे टायरचा तुकडा घालावा लागतो, तो तुकडा पुन्हापुन्हा सटकत होता. पत्रा डोक्यावर होता. लोखंडाला धरलं की हात भाजत होता. घाम डोळ्यांत जात होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

गावातून डॉक्टर आले. खाली बसून त्यांनी नवलला सुई टोचली, त्याच्या पावलाला हात लावला. ते मॅडमशी हळू बोलले, पण मी वर होतो आणि आवाज वर येतो. "पाऊल थंड पडतंय," ते म्हणाले. "आता उशीर परवडणार नाही."

मॅडमनी वर माझ्याकडे पाहिलं. एकदा पुली ओढून झाली होती, पण टायर सटकला होता आणि साखळी कडेवर आली होती. ती सोडून पुन्हा बांधायची की तशीच राहू द्यायची? मी काही विचारलं नाही. त्यांनी सोडा म्हणून मान हलवली. मी साखळी सोडली.

तेव्हा नवलने हाक मारायला सुरुवात केली.

"नाना, जॅक लाव!"

मी टायर बसवत होतो.

"नाना! हाई बांधाबांधी राहू दे. जॅक लाव रे! मी सांगस ना, लाव! मना पाय जाई राह्यना, नाना!"

जॅक त्याच्या हातापासून जरा लांब पडला होता. तो हात लांब करून जॅक ओढायचा प्रयत्न करत होता. लोटनभाऊंनी जॅकला हात घातला. मॅडमनी त्यांच्या मनगटाला धरलं. दोघं तिथे ओढाताण करत होते आणि माझा मुलगा मला नावाने हाक मारत होता. नाना नाही, सुकदेव म्हणाला. "सुकदेव, बाप शे का कोन शे?" म्हणाला.

मी खाली उतरलो नाही. माझे हात साखळीतच होते. उतरलो असतो तर पुन्हा चढता आलं नसतं, हे मला माहीत होतं. मी टायर दाबून धरला, पुली ओढली, साखळी ताठ झाली. हाताने ठोकून पाहिली. वाजली.

"झालं का?" मॅडम.

"झालं."

"वनाभाऊ, ग्राइंडर."

वना दुसऱ्या शिडीने चढला. "मीच लावलं, मीच कापतो," एवढं तो म्हणाला. गॅसने झटकन कापलं गेलं असतं, पण मॅडम गॅसला नको म्हणाल्या. ग्राइंडरची चकती निळ्या रंगाला लागली, ठिणग्या माझ्या बाजूने उडाल्या. एक चकती अडकून फुटली. त्याने दुसरी लावली. खाली नवलचा आवाज बसला होता. तो आता हाका मारत नव्हता, नुसता कण्हत होता, आणि ते हाकांपेक्षा वाईट होतं.

खालच्या वेल्डिंगमध्ये चकती अजून अर्धीही गेली नव्हती. वनाने ग्राइंडर बाजूला घेऊन धूळ झटकली. तेवढ्यात, कोणी हात लावलेला नसताना, जोड आपणहून तुटला.

टोक एकदम खाली बसलं. साखळीने ते झेललं. गर्डर कण्हला, गंजाची पूड आमच्या डोक्यावर पडली, शिडी हलली. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा बीम साखळीत लटकत होता, जराजरा झुलत होता. तुटलेल्या तोंडाकडे मी पाहिलं. आत एकही बोल्ट नव्हता.

वना शिडीवरच पायरीला मिठी मारून बसला. मला त्याच्याकडे बघायला वेळ नव्हता. मी खाली घसरत आलो. मॅडमनी जॅक आधीच बीमखाली घातला होता. दांडा मी मारला. बीम वर उचलला गेला, दुसरं टोक साखळीत गुमान वळलं, कुठे काही करकरलं नाही. डॉक्टरांनी आणि लोटनभाऊंनी नवलला काखेत धरून ओढलं. तो शुद्धीत नव्हता.

जळगावच्या दवाखान्यात त्याचा पाय गुडघ्याखालून काढला.

पुष्पाबाई, त्याची बायको, शिरपूरहून आली. ती माझ्याशी बोलत होती, नवल बोलत नव्हता. मी खोलीत गेलो की तो डोळे मिटायचा. लोटनभाऊ येऊन त्याच्या खाटेजवळ उभे राहिले आणि म्हणाले, "नवल, मी घट्ट केलं रे. मी आपलं घट्टच केलं." नवल त्यांना म्हणाला, "माहीत शे भाऊ. बसा." त्यांच्याशी बोलला. मॅडम आल्या तेव्हा त्यांच्याशीही बोलला. त्याने त्यांना विचारलं, जॅक लगेच लावला असता तर पाय राहिला असता का? मॅडमनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, "राहिला असता कदाचित. पण तुम्ही राहिला नसता, असं मला वाटतं."

"वाटतं," नवल म्हणाला.

"हो. वाटतं."

त्या गेल्यावर मी जिन्यात गाठून त्यांना म्हणालो, मॅडम, जोड आपणहून तुटला ते त्याला का नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, "ते तुम्ही सांगा नाना. साखळी तुमच्या हातात होती." आणि माझ्या पाया पडल्या. मला ते आवडलं नाही. मी बाजूला झालो.

सांगायला मला धीर होत नव्हता. एका दुपारी पुष्पाबाई खाली चहा आणायला गेली होती. नवल छताकडे बघत होता. छत बघता बघता म्हणाला, "तुना हातमा जॅक व्हता."

"व्हता."

"मी वरडी राह्यंतू. तुले ऐकू उनं."

"उनं."

"मंग?"

मी सांगितलं. वेल्डिंग कसं तुटलं, कोणाचा हात नसताना तुटलं, आत बोल्ट नव्हते, साखळीने कसं झेललं. त्याचं तोंड तेव्हा काट्याकडे होतं, त्याने यातलं काही पाहिलं नव्हतं. 

"ते तुटी जाई, हाई तुले आधी माहीत व्हतं?"

"नही."

"बाईले?"

"तिले वाटी राह्यंतं. माहीत नव्हतं."

"म्हंजे कोनलेच माहीत नव्हतं. तरी तू वर थांबना."

"हा."

खाली रस्त्यावर रिक्षावाले भांडत होते, ते त्याने ऐकलं, संपेपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "मना पोऱ्या खाले ऱ्हाता ना नाना, तर मी नही थांबतू. जॅक लावतू."

मी मान हलवली.

"मारी टाकतू मी त्याले," तो म्हणाला. आणि मग, "उशी वर कर जरा. मान दुखी राह्यनी."

मी उठलो आणि उशी वर केली.